तळटीप : ‘चार पोरं म्हणजे चार जोड्या हात’

लेखकाने हे वाक्य अडाणीपणाचा नमुना म्हणून दिले आहे. ते तसे वाचू नये. पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे (ता. औंढा नागनाथ, तेव्हा जिल्हा परभणी, १ मे १९९९ पासून हिंगोली) कालवे येण्याआधी हा मुलूख जिरायती होता. सहा-सात वर्षांचे पोर शेळ्या राखी, ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर बसे; थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊनच कापूस वेची. म्हणजे मूल लवकरच आपल्या भाकरीपुरते कमावू लागे. त्यातली काही दगावणार, हेही गृहीत असे. म्हातारपणी पेन्शन नाही, आधार मुलाचाच. म्हणून ‘निदान दोन तरी मुलगे’, आणि त्यापायी मुलींची रांग.

पुढे शाळा, लसीकरण, वाटण्या होऊन उरलेली दोन-अडीच एकर जमीन आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च यांनी हिशेब उलटला. महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. दोनांहून अधिक अपत्ये असलेल्यांना ग्रामपंचायत निवडणुकीत अपात्र ठरवणाऱ्या नियमाला याचे श्रेय देण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही. सरपंचपदाचा विचार करून घरातला पाळणा लांबवणारे असे कितीसे असणार? मुलाचा हट्ट मात्र दर घटूनही सुटलेला नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांचे गणित तर आणखी वेगळे : उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर मिळते, त्यामुळे लग्ने लवकर उरकतात आणि बाळंतपणेही लवकर येतात.