फिरत्या बिऱ्हाडातील वीजव्यवस्था

फिरत्या बिऱ्हाडातील वीजव्यवस्था : कायमची वीजजोडणी नसलेल्या व मुक्कामागणिक हलणाऱ्या निवाऱ्यात वीज मिळवणे, साठवणे आणि पुरवून वापरणे. पर्यटकांची कॅराव्हॅन व गाडीमागे ओढला जाणारा कॅम्पर ट्रेलर ही याची जगभर परिचित उदाहरणे होत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मराठी मुलखात मात्र ट्रेलरवर संसार लादून निघणारा सर्वांत मोठा वर्ग ऊसतोड कामगारांचा आहे.

आष्टीचे ऊसतोड कामगार : बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेला आष्टी हा कोरडवाहू तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या येथून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. बैलगाडीवाले बहुधा कारखान्याजवळच्या तळावर राहतात. ट्रॅक्टरच्या टोळ्या ऊस जिकडे असेल तिकडे सरकतात आणि शेताच्या कडेला कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालतात. तळावर कारखान्याचा दिवा पोचू शकतो. शेताकडेच्या कोपीला स्वतःचीच सोय पाहावी लागते. उसाच्या चिपाडापासून सहवीजनिर्मिती करून अनेक कारखाने वीज विकतात, पण तोच ऊस तोडणाऱ्यांच्या कोप्यांत दीर्घकाळ रॉकेलची चिमणी किंवा कंदीलच होता. अलीकडे सौर दिवे, लहान पॅनेल व बॅटऱ्या दिसू लागल्या आहेत.

गरजेचा हिशेब : उपकरणाचे वॅट गुणिले वापराचे तास म्हणजे वॅट-तास, एक हजार वॅट-तासांचे एक युनिट. कोपीत दिवा संध्याकाळी स्वयंपाक-जेवणापुरता आणि पहाटे कामावर निघण्यापूर्वी भाकरी थापताना लागतो. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावल्यास ५० वॅट-तास खर्च होतात. ५,००० एमएएच बॅटरीचा मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला गळती धरून सुमारे २५ वॅट-तास लागतात. दोन मोबाइलचे ५०. विजेरीसाठी १० धरल्यास हिवाळ्यातील रोजची गरज ११० वॅट-तासांच्या आसपास राहते. मार्चमध्ये १५ वॅटचा १२ व्होल्टवर चालणारा पंखा सहा तास फिरवला, तर ती २०० वर जाते.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे या हिशेबात बसत नाहीत. १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. म्हणून कॅराव्हॅनमध्येही स्वयंपाकासाठी बहुधा गॅसच वापरतात. कोपीत चूल असतेच. पर्यटकांच्या वाहनातील लहान फ्रिज एकटाच कोपीच्या एकूण गरजेच्या दुपटीहून अधिक वीज खाऊ शकतो. इन्व्हर्टरमध्ये रूपांतराची घट होते आणि भार नसतानाही थोडी वीज जाते. त्यामुळे दिवे, पंखा व मोबाइल थेट १२ व्होल्टवर चालवणे किफायतशीर असते.

बॅटरी : १२ व्होल्ट व ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास मावतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली उतरवल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून हाती २४० वॅट-तास येतात. एवढ्यात थंडीतील दोन दिवस किंवा पंख्यासह एक दिवस भागतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून सुमारे ८० टक्के वीज निर्धास्त काढता येते. ती वजनाला हलकी, पण महाग असते. भार काढून काही वेळ विसावलेली शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आणि १२.२ व्होल्ट दाखवत असेल तर निम्मी उतरलेली समजावी.

सौर पॅनेल : ५० वॅटच्या पॅनेलपासून पाच तासांच्या चांगल्या उन्हात, घट वजा जाता, सुमारे १८० ते १९० वॅट-तास मिळतात. हिवाळ्याला ते पुरते. पंखा लावायचा तर ७५ वॅटचे पॅनेल घ्यावे. गळीत हंगामाचे पहिले महिने सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. या भागात डिसेंबरमध्ये पॅनेल आडवे ठेवल्यास भरदुपारीही सुमारे चौथा हिस्सा वीज कमी मिळते. ते दक्षिणेकडे तोंड करून ३० ते ३५ अंशांत कलते ठेवावे आणि मार्चमध्ये कल कमी करावा. उसाच्या फडात पाचटाची धूळ उडते व फड पेटवल्यास राख पडते; ती रोज ओल्या फडक्याने पुसावी. पॅनेल व बॅटरीमध्ये चार्ज कंट्रोलर असणे आवश्यक आहे.

ट्रॅक्टरवरून चार्जिंग : ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टरला क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर दिवे जाळण्यासाठी नव्हे. इंजिन बंद ठेवून तिच्यावर दिवे किंवा गाणी चालवली, तर पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि खेप बुडते. मोबाइल व पॉवर बँक ऊस वाहताना, इंजिन चालू असतानाच चार्ज करावेत. घरवापराची बॅटरी वेगळी ठेवावी.

वायरिंग व सुरक्षितता : १२ व्होल्टचा धक्का सहसा जीवघेणा नसतो, पण शॉर्टसर्किटने आग लागते. पाचट, बांबू व प्लास्टिक कागदाच्या कोपीत ती क्षणात पसरते. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. पाच अँपिअरच्या भाराला पाच मीटर अंतरावर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे अर्धा व्होल्ट पडतो. अंतर वाढल्यास २.५ ची तार घ्यावी. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडते, म्हणून ती चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत व मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. शेतातील विजेच्या तारांवर आकडा टाकणे प्राणघातक आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ नुसार ती वीजचोरीही ठरते.

हंगामानंतरची देखभाल : टोळी गावी परतल्यावर बॅटरी अनेक महिने पडून राहते. शिसे-आम्ल बॅटरी वापराविनाही हळूहळू उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास तिच्या प्लेटांवर गंधकाचे क्षार घट्ट बसून साठवणक्षमता जाते. ती पूर्ण भरून, तारा सोडवून सावलीत ठेवावी, झाकणे उघडणारी असल्यास डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी.