डिस्क बदलायची तर हब कशाला?

जुनी गाडी असलेल्या घरात हा संवाद कधी ना कधी होतोच. गॅरेजवाला म्हणतो, "पुढच्या दोन्ही डिस्क संपल्यात, सोबत हबही टाकून घ्या." आणि घरातलं कोणीतरी हळूच म्हणतं, "डिस्क समजली, पण हबचा काय संबंध? बिल वाढवतोय." आता हा संशय बरोबर की चूक, ते कळायला आपल्याला थेट १९०२ सालात जावं लागेल.

त्याआधी दोन शब्द. हब म्हणजे बेअरिंगवर फिरणारा तो जाड लोखंडी भाग, ज्याला आपण चाक नट लावून बसवतो. डिस्क म्हणजे त्या हबबरोबर फिरणारी चकती. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले पॅड दोन्ही बाजूंनी ही चकती चिमटीत पकडतात. एवढंच.

तर १९०२. बर्मिंगहॅमचा इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर डिस्क ब्रेकचं पेटंट घेतो. कल्पना आजच्यासारखीच, पण पकडणारा भाग तांब्याचा. त्या काळचे रस्ते धुळीचे, त्यामुळे तांबं भराभर झिजायचं आणि धातूवर धातू घासून असा काही आवाज यायचा की घोडेसुद्धा बिथरत असतील (हे मी माझ्या मनाने म्हणतोय, पण पटण्यासारखं आहे ना?). त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला. ड्रममध्ये सगळं काम डब्याच्या आत चालतं, धूळ कमी जाते. शिवाय फिरणारा ड्रम ब्रेकशूला स्वतःच ओढून आणखी घट्ट करतो, म्हणजे पायाला जोर कमी लागतो. त्या काळाच्या मानाने ड्रम हेच शहाणपणाचं उत्तर होतं. पुढची पन्नास वर्षं ड्रमची.

ड्रमचं दुखणं एकच, पण जीवघेणं. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र, आणि डब्यात कोंडलेली उष्णता बाहेर पडत नाही. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकडही सुटते. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाट उतरताना जुने ड्रायव्हर "दुसऱ्या गिअरमध्ये उतरव, ब्रेकवर राहू नकोस" असं का सांगायचे, ते आता कळलं असेल.

डिस्क परत आली ती विमानांमुळे. विमान उतरतं तेव्हा काही सेकंदांत प्रचंड उष्णता झेलावी लागते, आणि उघड्यावर फिरणारी चकती लवकर थंड होते. विमानांसाठी असे ब्रेक बनवणाऱ्या डनलॉपने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जग्वार कंपनीबरोबर ते रेसिंग कारवर आणायचं ठरवलं. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइसने महिनोन्‌महिने गाडी पळवून त्यातले दोष शोधले. ब्रेक ऑइल उकळायचं, कधी पेडल अचानक खोल जायचं. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या रँस इथे स्टर्लिंग मॉस डिस्क ब्रेकच्या सी-टाइपमधून शर्यत जिंकला. आणि मग आलं १९५३ चं ल माँ.

ल माँ म्हणजे चोवीस तासांची शर्यत. तिथे जवळजवळ सहा किलोमीटरचा एक सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी एकदम काटकोनी वळण. ड्रमवाल्या गाड्यांना लवकर ब्रेक मारायला लागायचा, आणि रात्र सरेल तसा आणखी लवकर, कारण ड्रम दमायचे. जग्वारवाले उशिरा ब्रेक मारायचे, आणि चोवीस तास तसेच मारत राहिले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन पहिले आले, जग्वारच्या दुसऱ्या दोन गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या. विजेत्याचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर. तिथे ताशी शंभर मैलांची सरासरी पहिल्यांदाच ओलांडली गेली.

दोन वर्षांनी त्याच ट्रॅकवर ती भयंकर गोष्ट घडली. ११ जून १९५५. माइक हॉथॉर्नने आपली डिस्क ब्रेकची जग्वार पिटकडे घेताना जोरात ब्रेक मारला. मागचा लान्स मॅक्लिन त्याला चुकवायला डावीकडे वळला, आणि त्याच्या मागून भरधाव येणाऱ्या पिएर लव्हेगच्या मर्सिडीजला वेळच मिळाला नाही. गाडी हवेत उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसं गेली. मर्सिडीजला ड्रम होते. ड्रायव्हरच्या मागे उभी राहणारी एक मोठी झडपही दिली होती, हवेच्या रेट्याने गाडी थोपवायला. अपघाताला ब्रेक हे एकच कारण होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. रस्ता अरुंद होता, पिट आणि ट्रॅक यांच्यामध्ये काही आडोसा नव्हता. पण एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या धावतात तेव्हा काय होऊ शकतं, ते त्या दिवशी दिसलं.

त्याच वर्षी सित्रोएन डीएस पुढच्या डिस्कसह विक्रीला आली. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३, १९६१ मध्ये मिनी कूपर, १९६२ मध्ये एमजीबी. आणि इथे आपला हब गोष्टीत येतो.

या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत डिस्क हबच्या मागच्या बाजूला बोल्टने आवळलेली असते. एमजीबीचंच उदाहरण घ्या. डिस्क काढायची तर आधी कॅलिपर, मग ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, मोठा नट, मग आख्खा हब बेअरिंगसकट बाहेर. मग चार बोल्ट सोडून डिस्क वेगळी. परत बसवताना बेअरिंगची ढिलाई पातळ शिम घालून मोजूनमापून ठरवायची, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत. म्हणजे झिजणारा भाग आणि न झिजावा असा भाग एकमेकांत अडकवलेले. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टाइट कपलिंग म्हणतो आणि कोड रिव्ह्यूत त्यावरून भांडतो.

पण ड्यूइसच्या त्या खोल जाणाऱ्या पेडलचं एक कारण इथेच सापडतं. हब किंवा बेअरिंगमध्ये जराशी ढिलाई असेल तर वळणावर चकती कलते आणि पॅडना आत ढकलून देते. पुढच्या ब्रेकला पाय आधी ती फट भरतो, मग गाडी थांबते. चकती कितीही नवी असो, ती हबइतकीच सरळ फिरते.

आमच्या घरच्या जुन्या हॅचबॅकचंही हेच डिझाइन. बाबांना मेकॅनिककाका म्हणाले, "साहेब, हब ओढून काढला की बेअरिंगची आतली रिंग त्याच्यावरच अडकून येते. ते बेअरिंग परत चालवायचं नसतं." मागचे चार बोल्ट गंजून इतके जाम झाले होते की एक तुटला. मग त्यांनी हबच्या तोंडावर डायल गेज लावून दाखवलं. मी तिथेच हिशोब केला. १४ सेंटिमीटर रुंद हबच्या कडेला गंजाचा ०.०५ मिलिमीटरचा थर असेल, तर २४ सेंटिमीटरच्या डिस्कच्या कडेला तो जवळपास ०.०९ होतो. साधारण ०.१ च्या वर गेलं की चकती डुलत पॅडला एकाच जागी घासत राहते, तिथे पातळ होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, वाकडी बसवलेली असते. बाबांनी दोन्ही बाजूंच्या डिस्क, हब आणि बेअरिंग असं सगळं बदलून घेतलं.

नंतरच्या गाड्यांत हे लग्न मोडलं. डिस्कला टोपीसारखा आकार दिला, ती हबवर बाहेरून बसते आणि चाकाच्याच नटांनी आवळली जाते. अशी गाडी असेल तर हब सहसा राहू द्यावा, तारेच्या ब्रशने त्याचं तोंड चकचकीत करावं, बेअरिंग आवाज करत नसेल तर हबचे पैसे देऊ नयेत. तेव्हा गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हा विचारा: "डिस्क हबच्या मागून बोल्टने आहे की वरून बसते?" आणि काढलेली डिस्क बघायला मागा. किमान जाडी बऱ्याचदा तिच्यावरच कोरलेली असते.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न फार उशिरा आला. फियाटने इटलीत १९६६ च्या ११०० आरमध्ये पुढे डिस्क दिल्या. पण कुर्ल्यात बनणारी आपली पद्मिनी त्याच्या आधीच्या ११०० डी मॉडेलची, चारही चाकांना ड्रम. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी गेली, तेव्हा ल माँच्या त्या विजयाला सत्तर वर्षं झाली होती.

चला, पुढच्या भागात हँडब्रेक.