तव्यापासून ताटापर्यंत

बीडमध्ये किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये बंगला बांधायला काढला, की नकाशावर बोलता बोलता एक प्रश्न आता हमखास निघतो : किचनमध्ये आयलंड करायचं, ओट्यालाच पुढं काउंटर काढायचा, की सरळ डायनिंग टेबल टाकायचं? घरधन्याच्या मोबाइलमध्ये फोटो तयार असतात. प्रश्न नवा वाटतो, पण त्याचं कूळ जुनं आहे. जेवायला कुठं बसायचं हे या भागात सुतारानं कधी ठरवलंच नाही, ते विस्तवानं ठरवलं. विस्तव जमिनीवर होता तोवर जेवणारा जमिनीवर बसला. विस्तव कमरेपर्यंत वर चढला तसा जेवणाराही हळूहळू खुर्चीवर गेला.

माळवदाच्या घरातला सैपाक आठवा. चूल, तिला जोडून वैल, मागं भानुशी, पुढं काठवट. बाई बसून भाकर थापायची आणि जेवणारे तिच्यापासून हातभर-दोन हातांवर. तव्यावरून विस्तवाच्या कडेला, तिथं फुगली की उचलून थेट ताटात. मध्ये चालणं नाही, वाढपी नाही. पाट वाड्यांतून असायचे. कुणब्याच्या घरात पोत्याची किंवा घोंगडीची घडी, नाहीतर उकिडवं, आणि पुढ्यात जर्मनचं ताट. भाकर कुस्करायची, वरून कोरड्यास ओतायचं. ज्वारीची भाकर गार झाली की वातड होते, हे ज्यानं खाल्लीय त्याला सांगायला नको. तव्यापासून ताटापर्यंतचं अंतर जितकं कमी तितकं जेवण चांगलं, एवढं एकच गणित या मांडणीमागं होतं. ते फार अचूक होतं. त्या मांडणीचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र सोयीनं विसरली जाते : थापणारी समोर असायची, पण जेवायची सगळ्यांच्या शेवटी.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. बीड शहरातल्या मुसलमान घरांत दस्तरखान जमिनीवरच अंथरला जाई, आजही अनेक घरांत अंथरला जातो. हैदराबादी खानदानी घरांत त्याहून पुढची एक पायरी होती : चौकी. बुटकं टेबलच ते. भोवती माणसं जमिनीवर बसायची आणि ताट वीतभर उंच. खुर्ची न घेता टेबल घेण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. गुडघ्यांनाच काय ती मानवायची नाही.

खऱ्या उंचीचं टेबल इकडं आलं ते छावणीतून. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं आणि तिथं हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाचा तळ होता. गोऱ्या अधिकाऱ्यांचं जेवण टेबलावर, गावाचं जमिनीवर, आणि दोघांच्या मध्ये सोवळं. हे सोवळं किती कडक होतं ते पुण्यानं १८९० मध्ये पाहिलं. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं संकट, आलं, प्रायश्चित्ताचे वाद वर्षानुवर्षं चालले. जेवणाची जागा म्हणजे जातीची जागा, असा तो काळ. मराठवाड्यातल्या घरात टेबल शिरलं तेही आधी कचेरीचे कागद आणि पोरांची दप्तरं ठेवायला. बाकड्यावर बसून, टेबलावर बशी ठेवून खायची सवय लावली ती हाटेलांनी आणि एसटी स्टँडच्या कँटीननं.

चुलीला हात घालायचा सुरुवातीचा एक शास्त्रीय प्रयत्न मात्र आपल्याच जुन्या राज्यातला. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजूंनी चिमणीची बिनधुराची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. बीड तेव्हा हैदराबाद राज्यातच होतं. १९५६ च्या पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आलं. राजूंचा प्रश्न होता धुराचा. उंची बदलली ती गॅसनं.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीला हवी असा सुरक्षेचा नियम आहे, आणि १४.२ किलोची टाकी खाली उभी करायची म्हटल्यावर बाईनं बसून स्वयंपाक करणं संपलंच. दोन फूट रुंद कडप्पा, खाली टाकी, वर शेगडी : झाला ओटा. इंडेनचा गॅस देशात १९६५ पासून. आपल्याकडं तो आधी नोकरदारांच्या घरी पोचला. १९७१ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं, त्याच दशकात अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यांच्याबरोबर क्वार्टर्स आली. उभ्याचा ओटा अनेकांनी पहिल्यांदा पाहिला तो अशा क्वार्टर्समध्ये. पुढं १९९३ च्या किल्लारी भूकंपानं माळवदाची धास्ती घातली, स्लॅबची घरं वाढली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेची टाकी वाडी-तांड्यांवर गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं आयुष्य मात्र अजून दोन उंचींवर चालतं. गावातला ओटा हंगामभर कुलपाआड, आणि कारखान्याच्या फडावर कोपीपुढं पुन्हा तीन दगडांची चूल.

ओट्यानं बाईचे गुडघे वाचवले, पण तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. जेवणारे पाठीमागं गेले, मग हॉलमध्ये गेले, आणि तव्यापासून ताटापर्यंतचं अंतर हातभरावरून वीस पावलांवर आलं. ही चूक एकट्या बीडची नव्हे. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की या वास्तुविशारद बाईंनी आखलेलं फ्रँकफुर्टचं स्वयंपाकघर जगभर गाजलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, सगळं हाताशी, पावलं वाचतील असं, पण बाई आत एकटी. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटनं १९३० च्या दशकात स्वयंपाकघराची भिंत उघडून ते बैठकीला जोडलं. पुढच्या मोकळ्या घरांमध्ये, शेतघरातल्या स्वयंपाकघराच्या मधोमध असणारं जुनं कामाचं टेबल कायमचं रोवून टाकलं गेलं. तेच आयलंड. एका टोकाला भिंतीशी जोडलं की झाला काउंटर. स्वयंपाक करणारी आणि जेवणारे पुन्हा समोरासमोर आले.

आता आपल्या घरात यातलं काय बसतं? आयलंडचा हिशेब टेपनं करावा, फोटोवरून नको. भिंतीचा ओटा दोन फूट, मध्ये साडेतीन फूट वाट, आयलंड दोन फूट, पलीकडं पुन्हा साडेतीन : अकरा फूट इथंच गेले. लांबीला पाच फुटांचं आयलंड आणि दोन्ही बाजूंच्या वाटा मिळून बारा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर किचनला दहा बाय दहा मिळालं तरी नशीब. त्यात हंडे, पिंप, फिल्टर यांना जागा हवीच, कारण नळाला रोज पाणी येईल या भरवशावर बीडमध्ये कोणी घर बांधत नाही. शेगडी आयलंडवर नेली तर गॅसची नळी फरशीखालून, चिमणी स्लॅबला टांगलेली, आणि लसणाची फोडणी पाहुण्याच्या शर्टावर.

ओट्याच्या टोकाला काढलेला चार-पाच फुटांचा काउंटर हे काम निम्म्या जागेत करतो. गुडघ्यांसाठी दगड फूटभर पुढं काढायचा. शेगडी आणि पहिलं ताट यांत दीड-दोन फूट अंतर ठेवायचं, नाहीतर लेकरू भाजेल. उंची सांभाळायची. ओटा तेहतीस-चौतीस इंचांवर असेल तर स्टूल बावीस-चोवीस इंचांचं हवं, बारमधलं तीस इंची नव्हे. भाकरी थापायला खांद्याचा जोर वरून यावा लागतो, म्हणून ओट्याचा तेवढा तुकडा दोन-तीन इंच खाली घ्यावा. गवंडी कुरकुरतो, पण करून देतो.

स्टुलावर आजी चढणार नाही, आणि मांडी घातल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही असे आजोबाही चढणार नाहीत. डायनिंगच्या खुर्चीवरसुद्धा आपले लोक मांडी घालूनच बसतात. त्यांच्यासाठी टेबल घ्यावं का? माझं मत नाही असं आहे. सहा खुर्च्यांच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्या, औषधं आणि लाइटबिलं जेवतात. आजीला काउंटरच्या कडेला साधी अठरा इंची खुर्ची आणि तिच्या उंचीचं, भिंतीला मिटणारं फळकूट पुरतं. सोयरे आले की घरात पंधरा-वीस माणसं होतात, तेव्हा टेबल कामाचं नसतंच, सतरंज्याच निघतात. म्हणून हॉलची फरशी मोकळी सोडावी आणि टेबलाचे पैसे काउंटरच्या दगडाला घालावेत. स्टुलं मात्र जेवणाऱ्यांपेक्षा एक जास्त सांगावीत, थापणारीसाठी.