दुसरी चाल

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारले, की काळ्याचा हात आपोआप आपल्या राजापुढच्या प्याद्याकडे जातो. समोरच्याने केले तेच आपण करावे, हा जगाचा जुना शिरस्ता! पण एका बचावात काळा त्या प्याद्याला शिवतसुद्धा नाही. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे तो दोन घरे ढकलतो आणि पटाच्या मध्यावर कडेने नजर ठेवतो. दोन्ही फौजांचा सारखेपणा तिथेच मोडतो. शाळेतल्या मुलांना मी हा बचाव शिकवतो, तेव्हा त्याची बखरही सांगतो.

पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या १५९४ च्या हस्तलिखितात ही चाल आढळते. १६१७ साली सिसिली बेटावरच्या कारेरा नावाच्या धर्मगुरूने बुद्धिबळावर ग्रंथ छापला, आणि पुढे त्या बेटाचेच नाव चालीला मिळाले. १८३४ साली लंडनमध्ये फ्रान्सच्या लाबूर्दोनेने मॅक्डोनेलविरुद्ध हाच बचाव घेतला. अखेरीस काळ्याची तीन प्यादी शेजारी शेजारी, वजीर व्हायला एकेक घर उरलेली! मॅक्डोनेलने डाव सोडला.

या बचावाच्या एका प्रकाराला मिगेल नायडॉर्फचे नाव आहे. त्यात पाचव्या चालीला हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकते. इतकी लहान, पण खोल चाल. नायडॉर्फ पोलंडचा ज्यू. १९३९ साली तो सामन्यांसाठी अर्जेंटिनात गेला आणि इकडे युद्ध पेटले. तो तिथेच राहिला. १९४३ साली रोसारिओ शहरात, पट न पाहता, त्याने एकाच वेळी ४० जणांशी डाव मांडले. बातमी युरोपात पोहोचेल, घरचे कोणी वाचील, निरोप येईल, एवढीच त्याची आशा. निरोप आला नाही. पत्नी, मूल, आईवडील, भाऊ, सारे नरसंहारात गेले होते. तो मात्र ८७ वर्षे जगला आणि म्हातारपणापर्यंत खेळत राहिला.

१९८५ साली मॉस्कोत जगज्जेतेपदाच्या चोविसाव्या, शेवटच्या डावात कास्पारोव्हला बरोबरी पुरेशी होती. काळी मोहरी त्याच्याकडे. तरी त्याने हाच अवघड बचाव घेतला, कार्पोव्हला हरवले आणि २२ व्या वर्षी जगज्जेता झाला.

पहिली चाल कोणाच्या वाट्याला यावी, हे आपल्या हाती नसते. दुसरी मात्र आपलीच असते.