कचेरी सुटल्यावरचा लेखक

नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायचं, गायचं, चित्रं काढायची... ऑफिसात चहाच्या वेळी हा विषय निघतोच. आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, "हिंमत पाहिजे राव!" मला मात्र तेव्हा परभणीचे बी. रघुनाथ आठवतात, ज्यांनी नोकरी कधीच सोडली नाही.

पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं सातोना. हैदराबादला शिकले आणि मग निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. दिवसभर कचेरी, लिहिणं उरलेल्या वेळात. ओळखीचं वाटतंय ना?

लिहिण्यावर पोट का भरलं नाही, याचं उत्तर हिमतीत नाही, बाजारात आहे. परभणी निजामाच्या राज्यात. सरकारी कामकाज उर्दूत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवायचं ते उर्दूतून. मराठी वाचणारे घरोघर होते, पण प्रकाशक, मासिकं हा सगळा कारभार मुख्यतः पुण्या-मुंबईकडे, म्हणजे ब्रिटिश मुलखात.

गंमत म्हणजे त्याच मराठवाड्यात कलेवर जगणारी माणसं होतीच की! गोंधळी. संबळ, तुणतुणं, दिवटी एवढंच भांडवल. लग्नानंतर घरी गोंधळ घालायचा, रात्र जागवायची, शिधा-दक्षिणा घेऊन पुढचं गाव गाठायचं. श्रोता समोर बसलेला, बिदागीही तिथल्या तिथे, मधे दलाल नाही. आजच्या भाषेत अस्सल इंडी आर्टिस्ट! अर्थात, गायचं काय ते कुळाचाराने बरंचसं ठरलेलं. देवीला आवाहन चुकवून चालायचं नाही. कादंबरीवाल्याला असा अंगणातला श्रोता नसतो. त्याला कागद, छापखाना, दुकान, टपाल सगळं लागतं, आणि प्रत्येक जण आपला वाटा आधी काढून घेतो.

म्हणून मला बी. रघुनाथांची कारकुनी ही तडजोड वाटत नाही. पुस्तक खपो न खपो, घरात पगार येणार. यादी बघा: १९४० ला 'साकी' हा कथासंग्रह, १९४१ ला 'आलाप आणि विलाप' या कविता. मग 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', अशा १९४३ ते १९४६ या चार वर्षांत चार कादंबऱ्या! तेही महायुद्धातल्या कागदटंचाईच्या दिवसांत. आपण शनिवार-रविवारी एक पोस्ट टाकली की दमतो. (मी तर नक्कीच.)

पण हे फुकट नव्हतं. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीच्या कचेरीत काम करत असतानाच ते गेले. चाळीस पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. प्रागमध्ये विमा संस्थेत नोकरी करणारा काफ्काही चाळीस पूर्ण करून, एक्केचाळिसावं लागायच्या आत गेला. पण त्याचं ऑफिस दुपारी २ ला सुटायचं, आणि आजारपणामुळे १९२२ मध्ये त्याला पेन्शनवर घरी तरी बसता आलं. आपल्या माणसाला तेही नाही.

त्यांची बरीच पुस्तकं तर नंतरच बाहेर पडली. 'आडगावचे चौधरी' १९५४ ला, 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा कवितासंग्रह १९५५ ला, 'काळी राधा' १९५६ ला. कुणाला वाचायला सुरुवात करायची असेल तर मी 'आडगावचे चौधरी' सांगेन. जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारून बघा.