पंधराव्या नंबरचा श्वास

आईला दमा आहे. घरी एक पीक फ्लो मीटर असतो. प्लॅस्टिकची नळी, वर आकड्यांची पट्टी. खोल श्वास घ्यायचा आणि सगळा जीव लावून फुंकायचं, की काटा सरकून सांगतो, हवा मिनिटाला किती लिटरच्या वेगाने बाहेर पडली. आईचा आजवरचा सर्वात चांगला आकडा ४००. त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३२०च्या वर असली तर हिरवा पट्टा, काळजी नाही. ३२० ते २०० पिवळा, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. २००च्या खाली लाल, थेट दवाखाना.

जुन्या मीटरचा काटा अडकायला लागला म्हणून मी नवा आणला. आईने दोन्हींत फुंकून पाहिलं. जुन्यात ३५०, नव्यात २९०.

"मग मी हिरवी का पिवळी?" तिने विचारलं.

या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी १९८६ सालात पोचलो. त्या वर्षी फेब्रुवारीत 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात चार पानांचा एक लेख आला. लेखक दोन इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ, मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन. त्यांचा प्रश्न आईचाच होता : एकच गोष्ट मोजणारी दोन यंत्रं एकमेकांशी जुळतात की नाही, हे ठरवायचं कसं? आणि गंमत म्हणजे त्यांनी उदाहरण म्हणून पीक फ्लो मीटरच घेतला होता. एक मोठा राइट मीटर, १९५९ साली वापरात आलेला, आणि एक त्याचाच छोटा, स्वस्त भाऊ, मिनी राइट. फुंकणारी माणसं सतरा. ब्लँड यांचे घरचे लोक आणि सहकारी! ही मंडळी कुणाचंच प्रतिनिधित्व करत नाहीत, हेही त्यांनी लेखात सरळ सांगून टाकलंय.

त्या काळी डॉक्टर काय करायचे? दोन्ही यंत्रांचे आकडे घ्यायचे, त्यांचा सहसंबंध गुणांक काढायचा, तो एकच्या जवळ आला की 'उत्तम जुळतात' असं लिहून मोकळं व्हायचं. या सतरा जणांचा गुणांक होता ०.९४. म्हणजे पेपर छापायला हरकत नाही.

पण सहसंबंध हे हत्यार मुळात या कामासाठी घडवलेलंच नव्हतं. १८८८ साली फ्रान्सिस गाल्टनने ते आणलं ते उंची आणि हाताची लांबी अशा दोन वेगळ्या गोष्टी सोबत वाढतात का, हे पाहायला. सोबत वाढणं वेगळं आणि सारखं असणं वेगळं. मंडईतला एखादा भाजीवाला प्रत्येक किलोला नेमके नऊशे ग्रॅमच देत असेल, तर त्याच्या काट्याचा खऱ्या काट्याशी सहसंबंध पूर्ण एक येईल. पिशवीत भाजी मात्र कमीच. शिवाय माणसं जितकी वेगवेगळी घ्याल तितका गुणांक फुगतो. ब्लँडच्या मंडळींत मोठ्या मीटरवर १७८ फुंकणारा होता आणि ६५६ फुंकणाराही. एवढ्या अंतरात कुठलीही दोन बरी यंत्रं 'जुळलेली' दिसतील.

ब्लँड-ऑल्टमननी केलं ते इतकं साधं आहे, की वाचताना मला थोडा रागच आला, हे आधी कुणी का नाही सांगितलं म्हणून. (१९८३ साली या दोघांनीच संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात सांगितलं होतं. डॉक्टर लोक ते कशाला वाचतील!) प्रत्येक माणसाच्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची. आडव्या अक्षावर दोन आकड्यांची सरासरी, उभ्या अक्षावर फरक. प्रत्येक माणसाचा एक ठिपका. खरा आकडा कुठल्याच यंत्राला ठाऊक नसतो, म्हणून आडव्या अक्षावर कुणा एकाचा नाही, सरासरीचा मान.

फरकांची सरासरी निघाली उणे २ लिटर, म्हणजे जवळपास काहीच नाही. पण फरकांचं प्रमाण विचलन होतं ३८.८. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना घेतली, की सुमारे ९५ टक्के फरक ज्यात पडावेत अशी हद्द मिळते : उणे ८० ते अधिक ७६. सहसंबंध ०.९४, आणि छोटा मीटर मोठ्यापेक्षा ८० लिटर जास्त दाखवू शकतो! आईच्या ४००मधले ८० म्हणजे २० टक्के. बरोबर हिरव्या पट्ट्याची रुंदी.

मी त्या लेखातला तक्ता बराच वेळ पाहत बसलो. सातव्या नंबरच्या माणसाने छोट्या मीटरमध्ये एकदा ३६४ फुंकलं आणि दुसऱ्यांदा ४६०. जे यंत्र स्वतःशीच जुळत नाही ते दुसऱ्याशी काय जुळणार, हा मुद्दाही त्या चार पानांत आहे. पण माझी नजर अडकली पंधराव्या नंबरवर. मोठ्या मीटरवर १७८, छोट्यावर २५९. सतरा जणांत सर्वात कमी दम याचा, आणि सर्वात मोठा फरकही याचाच.

हे वाचताना ऑक्सिमीटर आठवला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोटावरच्या ऑक्सिमीटरचे आकडे रक्तचाचणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं, काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा.

किती फरक चालेल, हे मात्र ब्लँड-ऑल्टमन सांगत नाहीत. ते मुद्दामच सांगत नाहीत. हद्द आम्ही काढून देऊ, ती परवडते का हे रुग्णाकडे बघणाऱ्याने ठरवायचं. त्यांचा लेख पुढे जगात सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभर शोधनिबंधांत गेला. ऑल्टमन २०१८ मध्ये वारले.

मी दोन्ही मीटर पिशवीत घालून आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला आधी तपासलं, मग दोन्हींत तीन-तीनदा फुंकायला लावलं आणि जुना मीटर टेबलाच्या खणात टाकला. "आता हाच. दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ लिहा, याचा चांगला आकडा नव्याने काढू. आणि पुढच्या वेळी येताना हाच घेऊन या, इथल्या मीटरवर फुंकायचं नाही."

फ्रिजवरच्या कागदावर आईने ४०० खोडलंय. त्यापुढची जागा अजून रिकामी आहे.