मुदतपूर्व करारसमाप्ती आणि भाडेकरूचे हक्क (महाराष्ट्र)

ठरलेली मुदत पुरी होण्याआधी घरमालकाने जागा परत मागितली, तर त्या जागेत राहणाऱ्याला मिळणारे कायदेशीर संरक्षण. महाराष्ट्रात ते मुख्यतः तीन कायद्यांतून येते : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. यांपैकी कोणता कायदा कितपत कामी येईल, हे जागा भाडेपट्ट्याने दिली आहे की ‘लीव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे राहण्याच्या नुसत्या परवानगीने, यावर अवलंबून असते. बोलताना आपण दोन्हीकडे ‘भाडेकरू’च म्हणतो. हक्कांच्या दृष्टीने मात्र दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

भाडे नियंत्रणाखालचा भाडेकरू, म्हणजे जुन्या चाळीतला, पागडीचा किंवा पिढ्यान्‌पिढ्या भाडेपावतीवर राहणारा. कलम १५ नुसार तो प्रमाण भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळत असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर घर वाचू शकते. ताबा मागण्याची इतर कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत. त्यांत ‘मला स्वतःला राहायला हवे’ हे कारण नेहमीचे. तेही नुसते सांगून भागत नाही. जागा सोडल्याने भाडेकरूचे अधिक हाल होणार की न मिळाल्याने मालकाचे, हे न्यायालय तोलून पाहते. या कारणाने जागा घेऊन मालक महिन्याभरात तिथे राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू कलम १७ खाली जागा परत मागू शकतो.

लायसन्सवर राहणाऱ्याची बाजू याहून बरीच लंगडी आहे, आणि आज शहरांत नवे बिऱ्हाड थाटणारे बहुतेक जण याच कागदावर राहतात. यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातून सुटण्यासाठी मालक लायसन्सचा आडोसा घेऊ लागले, तेव्हा सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरू केले. त्या धास्तीने अनेकांनी रिकामे फ्लॅट कुलूपबंद ठेवणे पसंत केले. १९९९ च्या कायद्यातले कलम २४ मालकांना दिलासा देणारे आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेऊ शकतो, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

पण मुदत संपण्याआधीच निघायला सांगितले तर? सुविधाधिकार कायद्यानुसार लायसन्स सामान्यतः रद्द करता येते. तरीही कलम ६३ राहणाऱ्याला सामानासह बाहेर पडण्यासाठी वाजवी वेळ देते. कलम ६४ त्याहून मोलाचे. पैसे मोजून घेतलेल्या लायसन्सवर राहणाऱ्याला स्वतःचा काही दोष नसताना मुदतीआधी बाहेर काढले, तर तो मालकाकडून भरपाई मागू शकतो. समजा, तीन वर्षांचा करार आहे, पोरांना जवळच्या शाळेत घातले आहे, आणि पाचव्या महिन्यात फोन येतो, ‘महिनाअखेर जागा रिकामी करा.’ एजंटाची दलाली, टेम्पोचे भाडे, नव्या घराचे वाढीव भाडे हा सारा भुर्दंड भरपाईच्या मागणीत मांडता येतो. हे कलम लोकांना फारसे माहीत नाही, याची खंत वाटते. घर विकले गेले तर आणखी एक अडचण येते : भाडेपट्टा असेल तर तो नव्या मालकावरही बंधनकारक असतो, पण लायसन्स नव्या मालकाला त्या नात्याने बांधत नाही.

म्हणून सही करण्याआधी करारनाम्यातले नोटिशीचे कलम नीट वाचावे. ‘लॉक-इन’, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याचे बंधन, पुष्कळदा फक्त राहणाऱ्यालाच बांधणारा असतो. तो मालकालाही लागू आहे असे लिहून घ्यावे. अनामत रकमेबद्दल ‘नंतर देऊ’ या तोंडी शब्दावर विसंबू नये. किल्ली आणि धनादेश एकाच बैठकीत हातोहात बदलावेत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती पार पाडली नाही, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

करार संपणे आणि ताबा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक करार संपवू शकतो. राहणारा निघत नसेल तर ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यावा लागतो. संध्याकाळी कामावरून यावे तर दाराला नवे कुलूप, आत गॅस सिलिंडर, मुलांची दप्तरे, म्हाताऱ्या आईची औषधे. असे कुलूप लावण्याचा अधिकार मालकाला नाही. प्रस्थापित ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहण्याचा हक्क उरला नाही असे धरले तरी, मालक कायद्याचा मार्ग सोडून हुसकावू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एका निकालात म्हटले आहे. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली असा माणूस सहा महिन्यांत ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावू शकतो; त्यात मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही. कुलपाच्या आधी बहुधा नळ किंवा वीज बंद होते. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई या सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकावे लागले, तरी तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी.

मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला असेल, तर समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते राहून गेले, तर मालकाचे म्हणणे कबूल आहे असे धरून जागा खाली करण्याचा आदेश निघतो.